झेडए कोणाच्या ताब्यात? क्लँगमधील एसएमई अ‍ॅट्रिब्यूटचे परीक्षण

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांसाठी ओतकामातील दोष छायाचित्रांवरून ओळखणारे सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यातील मॅट्रिक्सचे गुणाकार अ‍ॅपलच्या एम४ प्रोसेसरवर चालवताना क्लँग या सी/सी++ कंपायलरमधील आर्म एसएमईच्या (मॅट्रिक्सच्या गणितासाठी प्रोसेसरला दिलेल्या जादा सूचनांच्या) अ‍ॅट्रिब्यूटशी, म्हणजे फंक्शनला जोडायच्या खास शब्दांशी, रोजचा संबंध येतो. क्लँग १८ आणि जीसीसी (दुसरा कंपायलर) १४, म्हणजे २०२४ च्या आवृत्त्यांपासून, ही सोय उपलब्ध आहे.

या प्रोसेसरवर स्ट्रीमिंग मोडमधील, म्हणजे एसएमईसाठीच्या वेगळ्या अवस्थेतील, व्हेक्टर (एकदम हाताळायच्या आकड्यांची रांग) ५१२ बिटांचा असल्याने झेडए हे मॅट्रिक्स साठवणारे रजिस्टर ४,०९६ बाइटांचे होते. जमिनीच्या उताऱ्यावर कब्जेदाराची नोंद असावी, तशी ते कोण वाचणार आणि कोण बदलणार याची नोंद ते वापरणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर करावी लागते: 'इन' असेल तर मजकूर घ्यायचा आणि जसाच्या तसा परत करायचा, 'आउट' असेल तर नवा भरून द्यायचा, 'इनआउट' असेल तर घेऊन बदलायचा, आणि 'न्यू' असेल तर झेडए नव्याने शून्यापासून उघडायचे. यातील 'न्यू' सोडून बाकीच्या नोंदी फंक्शनच्या टाइपचाच भाग असल्यामुळे विसंगत फंक्शन पॉइंटर दिल्यास कंपायलर तिथेच अडवतो. शिवाय हे शब्द कीवर्ड म्हणून येतात, त्यामुळे ते न ओळखणारा जुना कंपायलर त्यांच्याकडे काणाडोळा करून चुकीचा कोड तयार करू शकत नाही. ही शिस्त मला मनापासून पटली.

झेडए वापरात असताना त्याच्याशी संबंध नसलेले फंक्शन बोलावले, तरी ४,०९६ बाइट लगेच कॉपी होत नाहीत. जतन करण्याची जागा सांगणाऱ्या एका छोट्या नोंदीचा पत्ता टीपीआयडीआर२ या रजिस्टरमध्ये ठेवला जातो, आणि पुढे कुणाला झेडए खरोखर लागले तरच ते जतन होते.

तक्रार एकच, पण मोठी. स्ट्रीमिंग फंक्शनमधील लूपमध्ये लॉग लिहिणारे साधे फंक्शन ठेवले, की असेंब्लीत त्या कॉलच्या आधी एसएमस्टॉप (स्ट्रीमिंग मोड बंद करणारी सूचना) आणि नंतर एसएमस्टार्ट (तो सुरू करणारी) दिसते. प्रत्येक मोडबदलात व्हेक्टर रजिस्टरे शून्य होत असल्याने वापरातील मूल्ये दर फेरीला स्टॅकवर ठेवून परत आणावी लागतात, आणि एवढे होऊनही नेहमीच्या बिल्डमध्ये कंपायलर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. स्वतःच्या लहान फंक्शनना 'स्ट्रीमिंग कंपॅटिबल' (दोन्ही मोडमध्ये चालणारे) लावून हा खर्च टाळता येतो; बाहेरून आलेल्या लायब्ररीच्या बाबतीत मात्र तो कॉल लूपबाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी 'लोकली स्ट्रीमिंग' अवश्य वापरावे, कारण त्यात मोडबदल फंक्शनच्या आतच होतो आणि वापरणाऱ्याला आपल्या कोडमध्ये काहीही बदलावे लागत नाही.