खाटेजवळचा बारकोड स्कॅनर: कामाचा, पण...

रुग्णालयात औषध देताना नर्सने आधी रुग्णाच्या मनगटावरची ओळखपट्टी स्कॅन करायची, मग औषधावरचा कोड. डोस, रूट (औषध तोंडाने, शिरेतून की कसं द्यायचं ते), वेळ जुळली तरच पुढे जायचं. नोंद तिथल्या तिथे होते, ड्यूटी संपताना चार्ट भरत बसावं लागत नाही. इथवर चोख.

अडतं ते बारीकसारीक गोष्टींत, आणि डेमोत त्या कधीच दाखवत नाहीत. ओली, चुरगळलेली पट्टी वाचली जात नाही. अँप्युलच्या (इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुपीच्या) गोलाईवर कोड वळतो. अर्ध्या गोळीला कोडच नसतो. मग पट्टीची जादा प्रत काउंटरवर चिकटवून तिथूनच स्कॅन उरकतात. ओळख पटवण्याचा मुद्दाच निकालात!

स्कॅनर विकत घेताना टूडी कोड (क्यूआरसारखा चौकोनी) वाचणारा, जंतुनाशकाने पुसता येणारा बघा. वायफाय शेवटच्या खाटेपर्यंत पोचतं का, ते आधी तपासा.