तयार पाठ्यपुस्तक की मूळ साधने? ख्रिस्ती दृष्टिकोनातून घरी जगाचा इतिहास शिकवताना

नववी ते बारावीच्या वयाच्या मुलांना जगाचा इतिहास घरीच आणि ख्रिस्ती दृष्टिकोनातून शिकवायचा असे ज्या पालकांनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे शेवटी दोन वाटा उरतात. एक म्हणजे ख्रिस्ती लेखकांनी याच हेतूने लिहिलेले एकसंध पाठ्यपुस्तक घ्यायचे, ज्याच्यासोबत चाचण्या, उत्तरसूची आणि वर्षभराचे वेळापत्रक आयते मिळते. दुसरी म्हणजे एखादे छोटेसे कथनात्मक पुस्तक केवळ आधारापुरते ठेवायचे आणि खरा अभ्यास शिलालेख, पत्रे, राजाज्ञा, प्रवचने अशा मूळ साधनांवर करायचा. आमच्या घरी थोरल्या मुलीला मी पहिल्या पद्धतीने शिकवले आणि धाकट्या मुलाला दुसऱ्या. दोन मुलांच्या अनुभवावरून नियम बांधता येत नाही, शिवाय दोघांचे स्वभावही वेगळे आहेत, हे मला मान्य आहे. पण निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पालकाला यातून थोडी मदत व्हावी म्हणून हे लिहीत आहे.

सर्वसाधारण पाठ्यपुस्तक घेऊन त्यावर आपली ख्रिस्ती चर्चा जोडायची, असा तिसरा मार्गही काही जण घेतात. तो मी फार काळ चालवला नाही, त्यामुळे त्याबद्दल अधिकाराने बोलणार नाही.

तयार पाठ्यपुस्तकाचे गुण खरे आहेत आणि ते कमी लेखण्याची माझी इच्छा नाही. मुलीचे वर्ष वेळेवर संपले. सुमेरपासून शीतयुद्धापर्यंत मध्ये मोठी पोकळी राहिली नाही. नकाशे चांगले होते, सनावळ्या पक्क्या झाल्या आणि आजारपणात आठ दिवस गेले तरी पुन्हा कुठून सुरू करायचे हा प्रश्न कधी पडला नाही. ज्या घरात आईवडील दोघेही नोकरी करतात किंवा एकाच वेळी तीन-चार इयत्तांची मुले शिकतात, तिथे ही शिस्त फार मोलाची असते. अशा पुस्तकांचा पहिला अध्याय उत्पत्तीचा आणि पृथ्वीच्या वयाचा असतो आणि त्यात लेखकाने कोणती तरी एक बाजू घेतलेली असते. आपली मंडळी (चर्च) त्या बाबतीत काय मानते हे लक्षात घेऊन तेवढा अध्याय आधी वाचून पाहावा, इतकेच सुचवतो.

मला जी गोष्ट खटकली ती त्या पहिल्या अध्यायात नव्हती. ती प्रत्येक अध्यायाच्या शेवटी होती.

पश्चिम रोमन साम्राज्याच्या पतनावरील चाचणी मी तपासत होतो. ‘रोमचे पतन का झाले?’ या प्रश्नाला मुलीने दोन ओळींत उत्तर लिहिले होते: लोक नीतिभ्रष्ट झाले, त्यांनी देवाकडे पाठ फिरवली, म्हणून साम्राज्य कोसळले. उत्तरसूचीत जवळजवळ हेच शब्द होते, तेव्हा नियमाप्रमाणे तिला पूर्ण गुण मिळायला हवे होते. मी पेन हातात धरून बराच वेळ तसाच बसलो, कारण त्याच अध्यायाच्या आधीच्या पानांवर लिहिले होते की ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ कायद्याने थांबला आणि ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकियाच्या विश्वासाला, म्हणजे ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा देव आहे या मताला, साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरवले. म्हणजे ४७६ मध्ये शेवटचा पश्चिमी सम्राट पदच्युत झाला तेव्हा साम्राज्य ख्रिस्ती होऊन जवळपास शंभर वर्षे उलटली होती. ४१० मध्ये ज्यांनी रोम लुटले ते व्हिसिगॉथ टोळीचे लोकही आरियसच्या (ही बरोबरी न मानणाऱ्या) मताचे का होईना, पण ख्रिस्तीच होते. आणि निकियाचाच विश्वास मानणारे पूर्वेचे रोमन साम्राज्य पुढे १४५३ पर्यंत टिकले. मी मुलीला विचारले, ‘देवाकडे पाठ फिरवल्यामुळे पश्चिम कोसळली, तर पूर्व का टिकली?’ तिने प्रामाणिकपणे सांगितले, ‘बाबा, ते पुस्तकात नाही.’

या उत्तरात तिची काही चूक नव्हती. तिला जे शिकवले गेले होते ते तिने नीट शिकले होते. पण त्यानंतर मी तिच्या वर्षभराच्या वह्या काढून पाहिल्या, तेव्हा बाबेलपासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत बहुतेक मोठ्या प्रश्नांना तिने तेच एक उत्तर, थोडे शब्द बदलून, लिहिलेले आढळले. निवाडा पुस्तकाने आधीच दिला होता आणि घटना त्या निवाड्याला साक्ष म्हणून मागाहून उभ्या केल्या होत्या. देव इतिहासाचा प्रभू आहे, असे मी मनापासून मानतो. परंतु ही श्रद्धा आणि प्रत्येक पतनामागचे देवाचे कारण आपल्याला ठाऊक आहे हा दावा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि उत्तरसूचीने त्या एक करून टाकल्या होत्या.

विशेष म्हणजे मंडळीच्या स्वतःच्या परंपरेत याचे उत्तर आहे. ४१० नंतर रोममधील जुन्या धर्माचे लोक म्हणू लागले की आम्ही आमच्या देवतांना सोडले म्हणूनच हे संकट आले. हिप्पोच्या ऑगस्टीनने त्याला उत्तर म्हणून ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ ४१३ च्या सुमारास सुरू केला आणि तो पूर्ण व्हायला ४२६ उजाडले. त्या ग्रंथात तो रोमच्या दुर्गुणांवर कठोर बोट ठेवतो, पण कोणत्याही राज्याचे यशापयश हे त्याच्या पुण्याईचे सरळ मोजमाप मानायला तयार होत नाही, कारण राज्ये चांगल्यांनाही मिळतात आणि वाईटांनाही. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने इतक्या सावधपणे हाताळलेला प्रश्न आमच्या पुस्तकाने दोन ओळींत मिटवला होता. कदाचित दुसऱ्या एखाद्या प्रकाशनाचे पुस्तक याहून बरे असेलही. मी पाहिलेल्या दोन-तीनांत मात्र अध्यायाखालचे प्रश्न याच वळणाचे होते.

म्हणून मुलाच्या वेळी वाट बदलली. त्यातला एक आठवडा सविस्तर सांगतो, म्हणजे ही पद्धत कशी चालते ते कळेल. विषय होता इ.स.पू. ७०१ मधील अश्शूरची यहूदावरील स्वारी. सोमवारी आम्ही २ राजे, अध्याय १८ आणि १९ वाचले. मंगळवारी निनवेत सापडलेल्या, सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावरील, अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या स्वतःच्या वृत्तान्ताचा अनुवाद वाचला. त्यात तो म्हणतो की मी यहूदाचा राजा हिज्कीया याची सेहेचाळीस तटबंदीची नगरे घेतली आणि त्याला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले. मुलाने वहीत दोन रकाने आखले आणि दोन्हीकडच्या गोष्टी समोरासमोर मांडल्या. खंडणीचे सोने दोन्हीकडे तीस किक्कार (वजनाचे जुने माप) निघाले. चांदी मात्र बायबलमध्ये तीनशे आणि सन्हेरीबाकडे आठशे. बराच वेळ तो त्या आकड्यांवर अडून बसला, आणि मग अचानक म्हणाला, ‘पण बाबा, यरुशलेम घेतले असे हा कुठेच म्हणत नाही.’

हे वाक्य मी त्याला सांगितले नव्हते. कोणत्याही अध्यायाच्या शेवटी ते छापलेलेही नव्हते. स्वतःच्या विजयांची यादी इतक्या अभिमानाने देणारा राजा राजधानीपाशी येऊन पिंजऱ्याच्या उपमेवर थांबतो, हे त्या मुलाने स्वतः हेरले. चांदीच्या आकड्याचे काय, हाही प्रश्न त्याने सोडला नाही. राजाने फुगवून सांगितले असेल, मोजण्याची पद्धत वेगळी असेल किंवा इतर लूट त्यात धरली असेल, अशा शक्यता आम्ही लिहून ठेवल्या आणि प्रश्न उघडा ठेवला. माझ्या पत्नीला सुरुवातीला याची काळजी वाटली, कारण असे उघडे प्रश्न मुलाच्या विश्वासाला तडा देतील अशी तिला भीती होती. माझा अनुभव उलटा आहे, पण प्रत्येक मुलाच्या बाबतीत तो तसाच येईल अशी हमी मी देऊ शकत नाही.

पुढे प्लिनीने सम्राट ट्राजनला साधारण ११२ मध्ये लिहिलेले पत्र आम्ही वाचले. ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असे एक रोमन अधिकारी त्यात कळवतो आणि दोन दासींना, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत, छळ करून आपण चौकशी केल्याचेही शांतपणे नमूद करतो. पाठ्यपुस्तकात ‘छळ झाला’ एवढे वाक्य असते. या पत्रात छळ करणाऱ्याचा कामकाजी, निर्विकार स्वर ऐकू येतो, आणि मुलगा त्यानंतर त्या दोन बिननावाच्या स्त्रियांबद्दल अनेक दिवस विचारत राहिला.

ज्या ठिकाणी मंडळीचाच अपराध आहे तिथे तर हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. १२०४ मध्ये क्रुसेडर सैन्याने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहर लुटले, याला मुलीच्या पुस्तकात अर्धा परिच्छेद होता. गुलामगिरीच्या प्रकरणात १८०७ आणि १८३३ चे ब्रिटिश कायदे आणि विल्बरफोर्सचे कार्य सविस्तर होते, पण बायबलचे दाखले देऊन गुलामगिरीचे समर्थन करणारे पाळकही त्या काळी होते, याचा उल्लेखही नव्हता. मुलाने मात्र १५५०-५१ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे झालेल्या वादात लास कासास आणि सेपुलवेदा या दोघांचे युक्तिवाद वाचले. दोघेही ख्रिस्ती, दोघांचाही आधार शास्त्र, आणि प्रश्न अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर युद्ध लादणे न्याय्य आहे का हा. शास्त्राचा उपयोग कसा होऊ शकतो आणि दुरुपयोगही कसा होतो, हे त्याला एकाच टेबलावर दिसले.

या पद्धतीची उणी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. पहिली म्हणजे पालकाचा वेळ. दर आठवड्याची तयारी करायला मला दोन संध्याकाळी पूर्ण लागत, आणि ज्या आठवड्यात तयारी झाली नाही तो आठवडा वाया गेला. दुसरी म्हणजे पोकळ्या. सुंग वंशाचा चीन आमच्याकडून जवळजवळ सुटलाच आणि सनावळीत मुलगा बहिणीपेक्षा आजही कच्चा आहे. पुढे एखाद्या मंडळाची लेखी परीक्षा द्यायची असेल तर ही गोष्ट गंभीर आहे. बहुतेक अनुवाद इंग्रजीत असल्यामुळे कित्येक उतारे मला आधी मराठीतून समजावून द्यावे लागले. शिवाय राजांनी आणि शिकलेल्यांनी लिहिले तेच प्रामुख्याने टिकले असल्यामुळे, ज्यांनी काही लिहिले नाही त्यांचा इतिहास या पद्धतीतही आपोआप मिळत नाही. तो मुद्दाम शोधावा लागतो.

एक अडचण दोन्ही वाटांवर सारखीच आहे आणि ती मराठी घरांत विशेष जाणवते. इतिहासाच्या पुस्तकात जो सायरस, तोच आपल्या बायबलमध्ये कोरेश. डेरियस म्हणजे दारयावेश, झर्क्सिस म्हणजे बहुतेकांच्या मते अहश्वेरोश, ऑगस्टस म्हणजे औगुस्त. माझ्या मुलीला कोरेश आणि सायरस ही एकच व्यक्ती आहे हे वर्ष संपेपर्यंत कळले नव्हते. एज्राच्या पहिल्या अध्यायातला राजा आणि इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकणारा राजा तिच्या मनात दोन वेगळ्या कप्प्यांत राहिले. मुलासाठी मी भिंतीवर एक लांब कालपट लावला आणि प्रत्येक नाव दोन्ही रूपांत, दोन रंगांत लिहून घेतले. पद्धत कोणतीही निवडा, पण हे एवढे काम जरूर करा.

मंडळीचा भूगोल हाही एक मुद्दा आहे. मी पाहिलेल्या पाठ्यपुस्तकांत मंडळी यरुशलेमहून निघून रोमला जाते, तिथून जर्मनीला, मग इंग्लंडला आणि अमेरिकेला. पण चौथ्या शतकात अक्सुमचा (आजच्या इथिओपियाच्या भागातील राज्याचा) राजा एझाना ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. अलोपेन नावाचा धर्मोपदेशक ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत पोहोचला, आणि ७८१ मध्ये कोरलेला शिआनचा शिलालेख ती हकिकत सांगतो. युरोपबाहेरच्या ख्रिस्ती वाचकाला हे ठाऊक असणे मला फार आवश्यक वाटते, आणि मूळ साधने शोधत गेल्यावर ते सहज हाती लागते.

तेव्हा कोणी काय निवडावे? पालकाला वेळ कमी असेल, मुलाला आखीव काम आवडत असेल किंवा परीक्षा जवळ असेल, तर पाठ्यपुस्तक घ्यायला मी मुळीच नको म्हणणार नाही. फक्त अध्यायाखालचे ‘का’ने सुरू होणारे प्रश्न गाळावेत आणि त्या जागी स्वतः विचारलेला एक प्रश्न ठेवावा. मूल वाद घालणारे असेल, त्याला वाचनाची गोडी असेल आणि आपल्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी देता येत असतील, तर माझा कल मूळ साधनांकडे आहे हे लपवत नाही. आता आमच्या तिसऱ्या अपत्याची, सर्वांत लहान मुलीची, वेळ आली आहे. थोरलीचे जुने पुस्तक नकाशे आणि सनावळीसाठी कपाटातून काढले आहे, उत्तरसूची मात्र तिथेच ठेवली आहे. ज्यांचे अजून ठरत नाही त्यांनी काहीही विकत घेण्याआधी सन्हेरीबचा तो एक आठवडा करून पाहावा. त्यासाठी २ राजे, त्या वृत्तान्ताचा एक पानभर अनुवाद आणि दोन रकाने आखलेली वही एवढेच लागते, आणि चांदीच्या आकड्यापाशी पोहोचल्यावर आपले मूल काय करते ते शांतपणे पाहावे.