सर्टिफिकेट म्हणून घेतलं, निघालं कर्ज: सोलापुरातला माझा अनुभव

पेरोलमध्ये किंवा एचआरमध्ये काम करणाऱ्या आणि पुढे ‘कॉम्पेन्सेशन अँड बेनिफिट्स’कडे, म्हणजे पगार आणि सवलती ठरवायच्या कामाकडे, वळायचं मनात असणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितेय. माझे ८४,९६० रुपये गेले. खरं तर अजून जातायत, दर महिन्याच्या ५ तारखेला ७,०८० रुपये.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात नऊ वर्षं पगारपत्रकाचं काम करते. मागावरच्या कामगारांचा पीस रेट, ऑफिसचा पगार, पीएफ, ईएसआय, दिवाळीचा बोनस, काम सोडून जाणाऱ्याची ग्रॅच्युइटी, सगळं माझ्या हातून जातं. पण पगार काढणं वेगळं आणि कुठल्या कामाला किती पगार असावा हे ठरवणं वेगळं. मला ते दुसरं काम शिकायचं होतं. त्यालाच हल्ली टोटल रिवॉर्ड्स म्हणतात. पगार, बोनस, विमा, रजा, पुढे शिकायची सोय, हे सगळं एकत्र धरून विचार करायचा. पुण्यातल्या नोकरीच्या जाहिरातींत ‘सीसीपी असल्यास प्राधान्य’ असं वाचलं होतं. सीसीपी म्हणजे याच कामाचं एक अमेरिकन सर्टिफिकेशन. तेवढ्यावर मी मोबाइलवर त्याच्या कोर्सचा एक फॉर्म भरला.

गड्ड्याची यात्रा चालू होती. फोन आला तेव्हा मी होम मैदानावर होते, पाळण्यांच्या गोंगाटात नीट ऐकूसुद्धा येत नव्हतं. पलीकडचा मुलगा अगदी अदबीने बोलत होता. “मॅडम, तुमचा नऊ वर्षांचा अनुभव म्हणजे निम्मं काम झालंय.” पुण्यात बाणेरला हेड ऑफिस, अमेरिकन संस्थेशी ‘टाय-अप’, परीक्षेची फी त्यातच, शिवाय नोकरीची खात्री. फी ७२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, बारा हप्ते, बिनव्याजी.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याने ‘सीट ब्लॉक करायला’ म्हणून पॅन, आधारचा ओटीपी, एक सेल्फी आणि बँकेचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, घेतलं. वीस मिनिटांत झालं सगळं. ही सीट नव्हती, माझ्या नावावरचं कर्ज होतं. एका फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम थेट त्या संस्थेच्या खात्यात भरली आणि फेडायची जबाबदारी माझ्यावर आली. कर्जाचं माहितीपत्रक, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, ईमेलवर आलं होतं. मी ते उघडलं नाही. त्यात लिहिलं होतं की तीन दिवसांत कर्जातून माघार घेता येईल. पहिला वर्ग ठेवला होता बाराव्या दिवशी. हा योगायोग होता असं मला आता वाटत नाही.

वर्गांबद्दल जास्त लिहीत नाही. एकच सांगते. शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर पगाराचा नमुना दाखवला आणि ग्रॉसच्या, म्हणजे एकूण पगाराच्या, १२ टक्के पीएफ कापला, घरभाडं भत्त्यासकट. मी चॅटमध्ये लिहिलं, “मॅडम, पीएफसाठी घरभाडं भत्ता धरत नाहीत.” दोन मिनिटांत चॅट सगळ्यांसाठीच बंद झालं. त्याच दिवशी मी उठायला हवं होतं. पण हप्ता सुरू झाला होता आणि निदान सर्टिफिकेट तरी हातात येईल असं वाटत होतं.

परीक्षा म्हणजे ५० प्रश्नांचा गूगल फॉर्म. आदल्या रात्री ग्रुपवर ‘सरावाचे प्रश्न’ आले, सकाळी तेच. मेमध्ये सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का, खाली क्यूआर कोड.

जूनमध्ये पुण्यात मुलाखत होती. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेले. समोरच्या बाईंनी कागद हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, “सीसीपीचा डिजिटल बॅज आहे का? लिंक द्या.” माझ्याकडे लिंक नव्हती. त्यांनी माझ्यासमोरच क्यूआर कोड स्कॅन केला. त्याच संस्थेच्या गूगल ड्राइव्हवरची माझ्या सर्टिफिकेटचीच पीडीएफ उघडली. मग शिक्क्याच्या खालची ओळ त्यांनी बोटाने दाखवली. अक्षरं इतकी बारीक की मी तोवर ती वाचलीच नव्हती: ‘आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाशी सुसंगत’. सुसंगत, बस्स. सीसीपी हा शब्द कागदावर कुठेच नव्हता.

वाईट न बोलता त्यांनी समजावून सांगितलं. सीसीपी, म्हणजे सर्टिफाइड कॉम्पेन्सेशन प्रोफेशनल, हे वर्ल्डअ‍ॅटवर्क या अमेरिकन संस्थेचं सर्टिफिकेशन. ही संस्था १९५५ मध्ये अमेरिकन कॉम्पेन्सेशन असोसिएशन म्हणून सुरू झाली, आताचं नाव २००० पासूनचं. परीक्षा तिचीच, नोंद तिच्याकडे, आणि सर्टिफिकेशन दर तीन वर्षांनी नव्याने टिकवावं लागतं. माझ्या कागदावर मुदतच नव्हती. ज्या संस्थेचं नाव सांगून तुमच्याकडून पैसे घेतले जातायत, तिलाच आधी एक ईमेल टाका, की हे लोक तुमचे आहेत का. मी तो टाकला नाही. माझा सगळा घोटाळा तिथेच झाला.

घरी आल्यावर पावती नीट पाहिली. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. माझ्या पावतीवर ०७, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर तिसरंच नाव निघालं. बाणेरच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर पत्र परत आलं.

हप्ते रागाने एकदम बंद करू नका. मी करणार होते, पण बँकेतल्या ओळखीच्या काकांनी थांबवलं. मँडेट बाउन्स झालं की दंड लागतो आणि सिबिल बिघडतं, ते आपलंच. आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी फोन १४४४८. ग्राहक हेल्पलाइन १९१५. सायबर फसवणुकीचा १९३० नंबर मात्र लगेच लावायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. मी पाच महिन्यांनी लावला. तक्रार नोंदवून घेतली, पण खात्यात अडवायला काही उरलं नव्हतं. लोकपालाकडची माझी तक्रार अजून चालू आहे. व्हिडिओ कॉलची वेळ, ओटीपीचे मेसेज, ग्रुपवरचे प्रश्न, सगळं मी जोडलंय. चिडून ग्रुप सोडला असता तर यातलं बरंच हाती लागलं नसतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या स्टोअरमधल्या मुलीने मला मोबाइल दाखवला. “ताई, हा कोर्स बघा ना, बिनव्याजी हप्ते आहेत.” संस्थेचं नाव वेगळं, रंग वेगळा. माहितीपत्रकाच्या तळाशी जीएसटी नंबर होता. मी पर्समधून माझी पावती काढली आणि दोघींनी मिळून एकेक आकडा लावून पाहिला. तोच नंबर. तिने अजून ओटीपी दिला नव्हता.