इंदुरात बसून सह्याद्री लावायचं, डीडी मध्य प्रदेश की आकाशवाणी?

राजेंद्र नगर असो, सुदामा नगर असो की लोकमान्य नगर, मराठी घरात हा विषय कधी ना कधी निघतोच, की त्या खासगी न्यूज चॅनलची आरडाओरड आता नको झालीये, त्यापेक्षा सरकारी चॅनल बरे, पण मग लावायचं काय आणि कशावर. सह्याद्री मराठीत आहे पण मुंबईचं आहे, डीडी मध्य प्रदेश आपल्याकडचं आहे पण हिंदीत आणि भोपाळहून चालतं, आणि आकाशवाणी इंदूर तर अगदी गावातलं, पण रेडिओ नावाची वस्तू घरात उरलीये कुणाच्या. पैशाचा प्रश्न फारसा नाहीच, तिन्ही जवळपास फुकटच आहेत. तुम्हाला खबर कुठली हवीये, महाराष्ट्रातली की आपल्या गल्लीतली, हे आधी ठरवा, बॉक्स आणि अ‍ॅपचं नंतर बघू.

सह्याद्रीपासून सुरू करतो कारण मराठी माणूस आधी तिकडेच वळतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, सह्याद्री हे त्याच घरचं. माझ्या मते याची खरी मजा बातम्यांत नाहीये, बाकीच्या कार्यक्रमांत आहे, मुलाखती, शास्त्रीय गाणं, कवी, नाटक, शेतीचं, डॉक्टरांना फोन करून विचारायचं ते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाहुणा बोलत असताना त्याला वाक्य पुरं करू देतात, हे आजकाल किती दुर्मिळ झालंय ते तुम्हाला माहितीच आहे. आषाढीला पंढरपूरची महापूजा पहाटे लाइव्ह बघायची तर आईसाठी हेच चॅनल. एखाद्या छोट्या गावातलं वाचनालय, विदर्भातला बचत गट, कोकणातला कुणी जुना कारागीर, असल्या गोष्टी हे लोक सावकाश दाखवतात, कॅमेरा हलवायची घाई नाही. काहींना ते कंटाळवाणं वाटतं, मला नाही.

पण इंदूरवाल्यानं एक गोष्ट समजून घ्यावी, की सह्याद्रीला आपला पत्ता माहीत नाही. हवामान लागतं, कोकण झालं, मध्य महाराष्ट्र झाला, मराठवाडा झाला, विदर्भ झाला, संपलं. बाहेर आपल्या अंगणात धो धो पाऊस आणि टीव्हीवरच्या बाई सांगतायत रत्नागिरीत कसं आहे ते. बाबांना हे चालतं कारण त्यांची बहीण चिपळूणला, पण उद्या पाणी येणार का, राजवाड्याकडचा रस्ता बंद आहे का, हे सह्याद्रीला विचारून काय उपयोग. होळकरांच्या निमित्तानं इंदूर दिसलं तर दिसलं.

त्यासाठी डीडी मध्य प्रदेश. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांकडून निघणाऱ्या झांक्या म्हणजे देखावे, ३१ मे २०२५ ला सुरू झालेली मेट्रो, नर्मदेच्या पाण्याचा विषय, हे सगळं इकडचंच, आणि त्याची दखल घेणं हे याच चॅनलचं काम. खोट अशी की बातम्यांमध्ये मंत्री, फीत, पुन्हा मंत्री असं बरंच चालतं (सह्याद्रीवरही चालतं, फक्त मंत्री वेगळे), आणि नजर भोपाळची असल्यामुळे इंदूरचा वाटा तुम्हाला वाटतो तितका येत नाही. माळवा, निमाड, बुंदेलखंड, बघेलखंड, चंबळ, सगळ्यांना वाटून द्यायचं म्हटल्यावर आपल्या पदरात किती पडणार. तरी एक कबूल, लोककलेचे, आदिवासी भागातले जे कार्यक्रम असतात ते चांगले असतात आणि आपल्या मराठी घरांत ते कुणी बघतच नाही, चाळीस चाळीस वर्षं इथं राहून भगोरिया, म्हणजे होळीच्या आधीचा आदिवासींचा बाजार-उत्सव, काय असतो ते माहीत नाही अशी मंडळी मी बघितलीयेत.

पुढच्या दोनेक वर्षांचा विचार करणाऱ्यांसाठी हा फरक आणखी ठळक होणारे. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ मध्ये, उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये. पहिल्याचं सविस्तर सह्याद्रीवर शोधायचं, दुसऱ्याचं डीडी मध्य प्रदेशवर, आणि उज्जैनच्या वेळी तर गर्दी, रस्ते, गाड्या हे आपल्याला रोजच लागणारे, इंदुरातूनच तर सगळा लोंढा जातो. तेव्हा घरात दोन्ही चॅनल येतायत ना हे आत्ताच बघून ठेवलेलं बरं.

आता आकाशवाणी. इंदूर केंद्र २२ मे १९५५ चं, राज्यातलं पहिलं, मालवा हाउसमधलं. ज्यांचं लहानपण इथं गेलंय त्यांना नंदाजी-भेराजी आठवत असतील, माळवीतल्या त्या शेतीच्या गप्पा, शेती नसलेली शहरातली घरंसुद्धा ऐकायची. गाण्याच्या बाबतीत हा प्रदेश श्रीमंतच, उस्ताद अमीर खाँ इंदूरचे, कुमार गंधर्व शेजारी देवासला, त्यामुळे शास्त्रीय संगीताची आवड असलेल्या घरात रात्रीचा रेडिओ अजूनही टीव्हीपेक्षा वरचढ आहे असं माझं स्पष्ट मत. स्थानिक म्हणाल तर या तिघांत सगळ्यात जवळचं हेच.

अडचण ऐकण्याची आहे. जुनी जागा मीडियम वेव्हवर ६४८ किलोहर्ट्झ, पण आजच्या फ्लॅटमध्ये मीडियम वेव्ह लावून बघा, एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, वायफायचा डबा, सगळे मिळून नुसती खरखर. रेडिओ खिडकीत नेऊन आडवा-उभा फिरवला, बाजूचा चार्जर काढला की आवाज एकदम साफ होतो, करून बघा, कारण मीडियम वेव्हचा अँटेना आत आडव्या दांडीसारखा असतो आणि त्याला दिशा लागते. एवढा उपद्व्याप नको असेल तर सरळ आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अ‍ॅप टाका. त्यात इंदूर आहेच, शिवाय मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर, देशभरातली दोनशेच्या वर केंद्रं, म्हणजे ज्यांचं माहेर नागपूरकडचं त्यांनी नागपूर लावावं, आमच्याकडे पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात. डेटाची भीती नको, ६४ केबीपीएसचा आवाज धरला तर तासाला तीसेक एमबी. फक्त घड्याळ त्यावर लावू नका, अ‍ॅपवर सगळं थोडं उशिरा येतं.

दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅपही आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं, लाइव्ह चॅनल आणि जुने कार्यक्रम दोन्ही. तरुण मंडळींना ठीक, सत्तरीच्या माणसाच्या हातात देऊ नका, लॉगिन आणि ओटीपीतच त्यांची संध्याकाळ जाते. सह्याद्रीचं जुनं काही बघायचं असेल तर त्यांचं यूट्यूब सोपं पडतं.

टीव्हीवर कसं आणायचं, इथे लोक उगाच पैसे घालवतात. घरी केबल किंवा डीटीएच असेल तर आधी नीट शोधा, सरकारनं ठरवून दिलेले दूरदर्शनचे चॅनल केबलवाल्याला दाखवावेच लागतात, १९९५ च्या केबल कायद्यातच तसं आहे. आमच्या केबलवाल्यानं सह्याद्री कुठं तरी नऊशेच्या पुढे भक्तीच्या चॅनलमध्ये टाकून ठेवलं होतं आणि वर सांगत होता की भिया येतच नाही. नंबर सापडला की फेव्हरिटमध्ये टाका, विषय संपला, नवीन काही घ्यायची गरज नाही.

केबल बंदच करायची असेल तर डीडी फ्री डिश, दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा. एकदा छत्री, म्हणजे डिश अँटेना, आणि बॉक्स घ्या, महिन्याचं बिल नाही. बॉक्स एमपेग-४ चाच, म्हणजे नव्या पद्धतीचं प्रसारण पकडणारा, मागा, दुकानदार जुना साठा खपवायला एमपेग-२ पुढे करेल, त्यात काही चॅनल लागत नाहीत. नवीन टीव्ही असेल तर आत सॅटेलाइट ट्यूनर आहे का ते बघा, असेल तर बॉक्सही नको. आणि घ्यायच्या आधी गॅलरीत उभे राहा. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, इंदुरातून तो आग्नेयेला आणि बराच वर, आडव्या रेषेपासून साधारण ५७ अंशांवर पडतो, म्हणजे तुमची गॅलरी उत्तरेला किंवा पश्चिमेला उघडत असेल तर छत्री गच्चीवरच न्यावी लागणार, आणि गच्चीसाठी सोसायटीची परवानगी हा वेगळाच अध्याय. जोरदार पावसात चित्र अडकतं, ते सगळ्याच छत्र्यांचं होतं, मेकॅनिकला बोलावू नका, पाऊस ओसरू द्या. आणि गच्चीवर जुना काड्यांचा अँटेना पडलेला असेल तर तो भंगारात द्या, दूरदर्शननं बहुतेक सगळे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद केलेत.

येणाऱ्या कार्यक्रमांची माहिती मिळवण्यात मात्र तिन्ही सारखेच ढिले. रिमोटवरच्या गाइडमध्ये दूरदर्शनच्या चॅनलपुढे बऱ्याचदा काहीच लिहिलेलं नसतं. सह्याद्रीच्या सोशल मीडियावर प्रोमो येतात तेवढ्यावर भागवायचं, आकाशवाणीवर सकाळी दिवसभराची रूपरेषा सांगतात ती ऐकली तर ऐकली. वर वेळ बदलायचा सोस आहेच, आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला तर सकाळी सगळीकडे दिल्लीच. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेचं पुढचं नाटक कधी, मराठी समाजात व्याख्यान कुणाचं, हे यातलं कुणीच सांगणार नाही, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप जिंदाबाद.

तर घरात म्हातारी माणसं असतील आणि केबलचं बिल खुपत असेल तर फ्री डिश, त्यावर सह्याद्री आणि डीडी मध्य प्रदेश दोन्ही, आणि स्वयंपाकघरात एक साधा जुना मोबाइल न्यूज ऑन एअर टाकून चार्जरला लावून ठेवा, त्याला सिमही नको, वायफाय पुरे. भाड्यानं एकटे राहणारे, क्लासला आलेले पोरंपोरी, त्यांनी छत्रीच्या भानगडीत पडूच नये, फोन बस झाला. दोन्हीपैकी एकच चॅनल ठेवा म्हणालात तर मी सह्याद्री ठेवेन, इंदूरच्या बातम्या हिंदी पेपरात मिळतात, मराठीत निवांत बोलणारी माणसं नाही मिळत. आमच्या घरात यावर एकमत नाही, बायको डीडी मध्य प्रदेशवाली आहे, ती महूची.