मोनोब्लॉक की पाणबुडी: विहिरीवर काय बसवावं?

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल माफ झालं, तेव्हापासून बांधाबांधावर एकच ऐकू येतं: मोटर आता किती का युनिट खाईना! मला हे पटत नाही. थ्री फेज लाइन मिळते आठ-दहा तास, त्यातही पाळीनं दिवसा-रात्री. तेवढ्यात किती रान भिजलं, हाच खरा हिशोब.

कागदावर मोनोब्लॉक, म्हणजे पाण्याबाहेर बसवायचा मोटर आणि पंपाचा एकच जोड, थोडी सरसच. तिची मोटर हवेत फिरते. पाणबुडीची पाण्यात फिरते आणि त्या घर्षणात थोडी ताकद जाते. जळाली तर मोनोब्लॉक कोणताही वायंडिंगवाला भरून देतो. पाणबुडीला आधी कप्पी लावून, माणसं जमवून वर काढावं लागतं. गोदाकाठी, जिथं विहिरीला बारमाही पाणी वरच असतं, तिथं मीही मोनोब्लॉकच घ्या म्हणेन.

आमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात तसं नाही. पोळ्याला तुडुंब असलेली विहीर होळीला तळ दाखवते. मोनोब्लॉक २०-२२ फुटांखालचं पाणी ओढत नाही, म्हणून पाणी उतरेल तशी तीही खाली उतरवायची. तेही एकवेळ चालेल. माझं मन वळलं ते फुटव्हॉल्व्हमुळं, म्हणजे पाइपाच्या तळाला पाणी धरून ठेवणाऱ्या झडपेमुळं. झडपेत बारीक काडी अडकली की पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं. रात्री लाइन आली, ऑटोवर (लाइन येताच आपोआप चालू करणाऱ्या स्टार्टरवर) मोटर सुरू झाली आणि पाणीच नाही! मोटर कोरडी फिरतेय, ग्लँड (दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग) तापतेय. मग विंचूकाट्याचं विहिरीवर जा, बंद करा, बादलीनं पाणी भरा, पुन्हा चालू करा. तोवर हरभऱ्याच्या पाळीतला मोलाचा वेळ गेलेला असतो. असा वाया गेलेला करंट वीजबचतीच्या कोणत्याच स्टारच्या लेबलवर दिसत नाही.

ओपनवेल, म्हणजे उघड्या विहिरीत बुडवून ठेवायच्या पाणबुडीला फुटव्हॉल्व्हच नाही. लाइन आली की पाइप भरतो. मी मीटर लावून मोजलेलं नाही, पण पूर्वी पहाटे कोरड्या राहणाऱ्या शेवटच्या सऱ्या आता त्याच पाळीत भिजतात. तुमच्या विहिरीचा अनुभव वेगळा असू शकतो, तरी पाणी खालीवर होत असेल तर माझा कल पाणबुडीकडंच.

घेताना हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मात्र उन्हाळ्यातली पातळी आणि पुढची चढण धरून काढा. उगाच जास्त हेडची घेतली तर ती अँपिअर जास्त ओढते. तळाला गाळ असेल तर मोटर ओट्यावर ठेवा, आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद करणारं पॅनल सोबतच घ्या.