एमआयटी की एजीपीएल? ज्या कोडवर पोट चालवायचं त्याचं लायसन्स ठरवताना

कोड सगळ्यांसाठी खुला करायचा हे ठरलंय, पण त्यातून घरखर्चही निघायला हवा. अशा वेळी लायसन्स, म्हणजे तो कोड इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचा याचा करार, निवडण्याआधी एवढंच ठरवा: पैसे देणारा तुमच्याकडे कशासाठी येणार?

मुक्त म्हणजे फुकट नव्हे. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’च म्हणतात; आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे बरंच आहे. १९८५ साली मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन आपल्या ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत होते. त्यांचं जीपीएल हे लायसन्सही विक्रीला आडकाठी करत नाही.

एमआयटी लायसन्स दोन-तीन परिच्छेदांचं आहे. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर कायम ठेवा, बाकी काहीही करा. कंपन्यांचे वकील सहसा हरकत घेत नाहीत, त्यामुळे कोड झपाट्याने पसरतो. अपाची २.० बरंचसं तसंच, शिवाय पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलेली. कंपन्यांना वापरायला द्यायचं असेल तर मी तेच निवडेन. पण दोन्हींत कोणी तुमचा कोड बंद प्रॉडक्टमध्ये घालून विकला, तरी तुम्हाला पैसे देणं लागत नाही.

जीपीएलमध्ये प्रोग्राम दुसऱ्याला दिला की त्याचा सोर्सही (माणसाने लिहिलेला मूळ कोड) त्याच अटींवर द्यावा लागतो. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स होतं, म्हणून २००३ मध्ये कंपनीला त्याचा सोर्स खुला करावा लागला आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. मात्र प्रोग्राम कोणाला न देता नुसता सर्व्हरवर चालवला, तर जीपीएलची ही अट लागतच नाही. ही फट २००७ च्या एजीपीएल ३ ने बुजवली: बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरायला दिली, तर वापरणाऱ्यांना तिचा सोर्सही मिळाला पाहिजे.

गूगलसारख्या कंपनीत एजीपीएल कोड वापरायला मनाई आहे. म्हणजे वापरणारे कमी होणार, हे आधीच धरून चाला. पण ज्यांना तुमचा कोड हवा आणि ही अट नको, ते व्यावसायिक लायसन्स विकत घ्यायला तुमच्याच दारात येतील. मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि क्यूट (ॲप्लिकेशनचे पडदे बनवायची साधनं) यांनी जीपीएलवर याच दुहेरी पद्धतीने धंदा केला.

या पद्धतीत गोम एकच, आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. समजा कोणी तरी चाळीस ओळींची दुरुस्ती पाठवली, तुम्ही आनंदाने मर्ज केली, म्हणजे आपल्या कोडमध्ये सामावून घेतली. त्या ओळींचा कॉपीराइट त्याचाच राहतो. दोन वर्षांनी गिऱ्हाईक व्यावसायिक लायसन्स मागायला येतं, तेव्हा त्या माणसाला शोधून परवानगी घ्या, नाहीतर त्या ओळी काढून नव्याने लिहा.

आधी सैल सोडून पुढे आवळू, असं मनात असेल तर इलास्टिकसर्च या सर्च सॉफ्टवेअरकडे बघा. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी अपाची सोडण्याचं जाहीर केलं आणि ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च उभं केलं. रेडिस या डेटाबेसनेही मार्च २०२४ मध्ये आपलं सैल लायसन्स सोडलं, तर त्याच्या जुन्या कोडवरून व्हॅल्की निघालं. पुढे दोघांनीही एजीपीएलचा पर्याय दिला, पण तोवर वेगळे झालेले प्रकल्प आपल्या पायावर उभे होते.

सपोर्ट विकण्याचं उदाहरण म्हणून लिनक्सवर धंदा करणाऱ्या रेड हॅटचं नाव हमखास येतं. २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. पण तिथे इंजिनिअरांची फौज आहे. एकट्या माणसाने सपोर्ट विकणं म्हणजे स्वतःचे तास विकणं. देणग्यांवर तर मुळीच विसंबू नका. २०१४ मध्ये हार्टब्लीड हे सुरक्षेतलं भगदाड उघडकीला आलं, तेव्हा निम्मं इंटरनेट ज्यावर विसंबून होतं त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरला वर्षाकाठी जेमतेम २००० डॉलरच्या देणग्या येत होत्या. हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

माझं मत विचाराल तर छोट्या लायब्ररीला (इतरांच्या प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडला) एमआयटी किंवा अपाची द्या. तिच्यामुळे मिळेल ती ओळख आणि कामं. सर्व्हरवर चालणारं अख्खं ॲप्लिकेशन असेल, तर एजीपीएल आणि जोडीला व्यावसायिक लायसन्स. होस्टिंग स्वतः करून मासिक वर्गणी घेता आली तर फारच छान, कारण स्वतः सर्व्हर सांभाळायचा वैताग पुष्कळांना नकोच असतो. आणि बाहेरच्यांचा कोड घेणार असाल, तर व्यावसायिक लायसन्सखालीही तो वापरण्याची लेखी परवानगी देणारा करार पहिली पुल रिक्वेस्ट (बाहेरून सुचवलेला बदल) मर्ज करण्याआधीच रिपॉझिटरीत (कोड ठेवतात त्या जागी) ठेवा.