शेंगाचटणीचे प्रमाण: वाटीने घ्यावे की वजनाने?

सोलापुरात शेंगाचटणी घरी करून विकायला निघालेल्या प्रत्येक ताईला लवकरच ठरवावे लागते की, आईकडून आलेले वाटी-चमच्याचे प्रमाण तसेच चालवायचे की ग्रॅममध्ये बसवून घ्यायचे. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे.

वाटीची बाजू हलकी नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हा मापाचा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, असे म्हटले की वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण बिघडत नाही. ज्वारीच्या पिठाला किती पाणी लागेल, हे तर मळणाऱ्या हातालाच कळते. तिथे काटा आणून काही साधत नाही.

चटणीचे तसे नाही. अख्खे दाणे वाटीत पोकळी ठेवून बसतात, तर कूट दाबावे तितके बसत जाते. 240 मिलिलिटरच्या कपात कच्चे दाणे साधारण 146 ग्रॅम मावतात आणि साखर 200 ग्रॅम. गव्हाचे पीठ चमच्याने हलके भरले तर 120 ग्रॅमच्या आसपास, आणि कप डब्यात खुपसून भरला तर 140 च्या पुढे जाते. सगळ्या जिनसांना लागू पडेल असा एकच आकडा म्हणूनच मिळत नाही. मिठात हा फरक फार महागात पडतो. बारीक मिठाचा 5 मिलिलिटरचा सपाट चमचा सुमारे 6 ग्रॅमचा भरतो, जाडे मीठ त्याच चमच्यात कमी बसते. जाड्या मिठाचे चमचे मी एकदा बारीक मिठाने मोजले आणि उखळातून काढलेली चटणी जिभेवर ठेवता येईना. आणखी दाणे भाजून, कुटून त्यात मिसळावे लागले.

रूपांतर करताना दुसऱ्याच्या कपाचे तक्ते घेऊ नयेत, कारण अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा, मेट्रिक कप 250 चा आणि आपली वाटी या दोन्हींपेक्षा वेगळी असते. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम, जवळजवळ तितके मिलिलिटर. मग वाटी कोरडी करून प्रत्येक जिन्नस तीनदा भरून तोलावा व सरासरी वहीत लिहावी. तेल पाण्याहून हलके असल्याने 100 मिलिलिटर तेल सुमारे 92 ग्रॅम भरते. दाणे भाजताना ओल उडते आणि साले पाखडली जातात, म्हणून वजन कच्च्या दाण्यांचे की साफ केलेल्या, हे नोंदीत स्पष्ट असावे.

काट्यालाही मर्यादा आहे. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर तीन ग्रॅम जिरे भरवशाचे मोजले जात नाहीत. दहा चमचे एकदम तोलून दहाने भागावे आणि पुढे चमच्यानेच घ्यावे. विक्रीच्या पाकिटावर निव्वळ वजन छापावे लागते, आणि ते भरण्याचा काटा वैधमापन यंत्रणेने तपासून मुद्रांकित केलेला असावा लागतो; स्वयंपाकघरातला साधा काटा तिथे चालत नाही.

घरापुरती पाव किलो चटणी करणारीने वाटी सोडण्याचे कारण नाही. पाच किलोंचा घाणा काढणारीने मात्र वजनच धरावे, आणि सुरुवात लसणापासून करावी: पाकळ्या लहान-मोठ्या असतात, त्यामुळे ‘वीस पाकळ्या’ असे न लिहिता सोललेल्या लसणाचे ग्रॅम लिहावेत.